समजल्याची सही

सर आमच्या पुढच्या खोलीत राहायला आले त्या दिवशी सामान आधी आत गेलं नाही, सुतळी गेली. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि एक सायकल एवढाच पसारा. तो त्यांनी लिंबाखाली ठेवला, खिशातनं सुतळीचं गुंडाळं काढलं आणि माझ्या नातीला म्हणाले, "हे टोक त्या कोपऱ्यात धर." खोलीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घेतलं, सुतळीला गाठ मारली आणि राहिलेल्या दोन कोपऱ्यांत पुन्हा तेच केलं. गाठ बोटभर मागं राहिली. मी दारातच उभा होतो. मला म्हणाले, "आबा, तुमची खोली बोटभर वाकडी आहे."

ती खोली माझ्या हातची. उभा जन्म मी गवंडीकाम केलं. बेंबळीपासून पार मुरुम गावापर्यंत माझ्या हाताच्या भिंती उभ्या आहेत आणि त्यातली एक वाकडी आहे असं तोंडावर बोलायची कुणाची छाती झाली नव्हती. मी आत गेलो, माझा पोलादी टेप आणला आणि त्यांच्या हातात दिला. म्हणलं, "खोली सरळ हाय. तुमची सुतळी वाकडी हाय."

त्यांनी दोन्ही तिरकी मापं टेपनं घेतली. सुताचा फरक नाही. मग सुतळी हातात घेऊन ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली, स्वतःशीच मान हलवली. "सुतळी ताणली जाते," ते म्हणाले. "खोली काटकोनात आहे. तुमचं बरोबर." आणि ट्रंक उचलून आत गेले. माफी नाही, हसणं नाही, 'राग मानू नका' नाही. माप जे म्हणेल ते हा माणूस म्हणणार, एवढं मला पहिल्या दिवशीच कळलं. असल्या माणसाशी माझं जमतं. म्हणजे भांडण जमतं.

सर सोनारीकडचे. बायकापोरं परंड्याला, हे नोकरीसाठी आमच्या गावात. हायस्कूलला गणित शिकवायचे. उंच, वाळके, पँट घोट्याच्या वर, आणि कानावर खडू. मी कानावर पेन्सिल ठेवतो, गवंड्याची खूण असते ती. आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "घरात एक कान मोकळा न्हाई."

अंदाजाचं बोलणं त्यांना चालायचं नाही. म्हातारीनं पहिल्या आठवड्यात विचारलं, "सर, अर्धा कप च्या घेताव का?" तर म्हणे, "कोणत्या कपाचा?" तिला वाटलं, चेष्टा करतोय हा माणूस. दोन दिवस तिनं चहाच विचारला नाही. तिसऱ्या दिवशी घरातले सगळे कप थाळीत मांडून बाहेर आणले आणि म्हणाली, "ह्यो आमचा, ह्यो पावण्यांचा, ह्यो कान तुटल्याला. बोला आता." सर त्या दिवशी पहिल्यांदा हसलेले मी बघितले. त्यांनी कान तुटलेला घेतला. पुढं तीन वर्षं तोच त्यांचा कप होता.

कुणी म्हणालं, "पाच-दहा मिनिटांत येतो," तर ते विचारायचे, "पाच की दहा?" आणि पाच म्हणालात तर सहाव्या मिनिटाला सायकलवर टांग टाकून निघून जायचे. गावात ह्यावरनं लई जणांची तोंडं वाकडी झाली. पण पोरं वेळेवर यायला लागली हेही खरं.

जूनमध्ये नवी पुस्तकं आली की सर ब्लेड घेऊन बसत. गणिताच्या पुस्तकाच्या शेवटी उत्तरांची पानं असतात. ती ते अलगद कापत, पानावर पोराचं नाव लिहीत आणि ट्रंकेत ठेवत. मार्चमध्ये परीक्षा झाली की ज्याची त्याला परत. एकदा एक बाप तणतणत आमच्या ओट्यावर आला. म्हणाला, "सर, आमी अख्खं पुस्तक घेतलं, तुमी त्याची पानं कापताव. ही कुठली रीत?"

सर म्हणाले, "घर बांधताना आधी स्लॅब टाकता का?"

"न्हाई."

"मग माझा पाया चाललाय. स्लॅब मार्चला देतो."

बाप माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणलं, "माझ्याकडं बघू नका. पायाशिवाय स्लॅब म्याबी टाकत न्हाई."

ट्रंक आमच्या घरात, म्हणून पोरांच्या आया आमच्या म्हातारीला गाठायच्या. "आक्का, जरा ट्रंक उघडा की, पोरगं रडायलंय." म्हातारी सांगायची, "किल्ली त्यांच्या करदोट्याला हाय. तुमीच जाऊन सोडा." पुन्हा कुणी यायचं नाही.

पोराचं गणित चुकलं तर सर 'चूक' हा शब्द काढत नसत. वहीत पहिल्या ओळीपासून बोट फिरवत यायचे, एका ओळीवर थांबायचे आणि म्हणायचे, "इथवर बरोबर आहे." बास. पुढचं पोरानं बघायचं. मला हे लई पटलं. मी ज्या वस्तादाच्या हाताखाली शिकलो तो एक वीट वाकडी बसली तर अख्खी भिंत लाथेनं पाडायचा. वस्ताद मुरुमचा, कानडी बोलणारा. चौथी पास झालो, पाचवीत दोन महिने बसलो, तेवढ्यात वडिलांनी मला त्याच्याकडं नेऊन सोडलं. माझी मोजणी अजून कानडीत चालते ती त्याच्यामुळं. मराठीत मोजलं तर मला विश्वास वाटत नाही.

आता सहीची गोष्ट.

सरांचा नियम असा की घरचा अभ्यास सरांनी तपासायचा नाही, घरच्यांनी तपासायचा. त्यातही शिकलेल्यांनी नाही. पोरानं रोज एक गणित घरातल्या अशा माणसाला समजावून सांगायचं, जो दहावी पास नाही. त्या माणसाला खरंच समजलं तर त्यानं समासात लिहायचं 'समजलं', आणि सही करायची. लिहिता येत नसेल तर अंगठा. समजलं नसेल तर सही करायची नाही. सही नाही म्हणजे गणित झालं नाही, मग उत्तर कितीही बरोबर असू दे.

पहिल्यांदा गावानं हे हसण्यावारी नेलं. मग पोरं खरंच फिरायला लागली. ज्या घरात सगळेच शिकलेले त्या घराची पंचाईत. आमच्या शेजारी एक मास्तर राहतात, बायकोही पदवीवाली. त्यांचा पोरगा रोज संध्याकाळी वही घेऊन माझ्या ओट्यावर. एक दिवस ते मास्तर आले आणि कसंनुसं हसत म्हणाले, "आबा, माझ्या पोराला तुमची सही लागते म्हणजे काय म्हणायचं?"

मी म्हणलं, "मास्तर, तुमी लई शिकलाव. त्याला आता इलाज न्हाई."

खोटं कशाला सांगू, मला ते दिवस आवडले. जन्मभर माझी सही कुणी मागितली नव्हती. मजुरीच्या कागदावर मागितली असंल तेवढीच. आता दिवे लागायच्या आधी ओट्यावर चार-पाच पोरं वह्या घेऊन बसलेली असायची. "आबा, तुम्हाला वेळ हाय का?" मी टोपी झटकून घालायचो आणि म्हणायचो, "एकेकानं या."

पण मी सोपा गडी नव्हतो. फुकट सही मी कधी केली नाही. आठवीतल्या एका पोरानं गणित आणलं, आठ गवंडी एक भिंत बारा दिवसांत बांधतात, तर सोळा गवंडी किती दिवसांत बांधतील? पोरगं म्हणालं, सहा. मी म्हणलं, "सोळा गवंडी एका भिंतीला लावलं तर थाप्या एकमेकांच्या पायावर पडतेल. बारा दिवसाचं काम पंधरा दिवस चालंल. सही करत न्हाई." पोरानं ते तसंच समासात लिहून नेलं. दुसऱ्या दिवशी वहीत लाल शाईनं सरांचा प्रश्न आला, 'भिंत किती लांब?'

विचारायचा प्रश्न तोच होता आणि तो मी विचारायला पाहिजे होता. मी सांगून पाठवलं, गवंड्याला हात हलवायला चार फूट लागतात. त्याच्या पुढच्या दिवशी अख्ख्या वर्गाला गणित, साठ फुटी भिंतीवर एका वेळी किती गवंडी मावतील? त्याच्यावर मात्र मी झटक्यात सही केली.

आमचं दोघांचं बोलणं असं पोरांच्या वह्यांतनंच जास्त झालं. एकाच घरात राहायचो, पण समोरासमोर आम्ही चहा आणि ऊन ह्यापलीकडं बोलायचो नाही. भांडायचं असलं की वही.

एकदा सरांनी पोरांना गावातली पाण्याची टाकी मोजायला लावली, वर न चढता. माझा ओळंबा मागून नेला, तो कोनमापकाला बांधला, पोरं लांब जाऊन उभी राहिली आणि कोन बघून उंची काढली. साडेअकरा मीटर. माझी नात घरी येऊन सांगायला लागली, तर मी म्हणलं, "टाकी बारा मीटरची हाय. त्या कामावर म्या होतो. सही करत न्हाई." तिनं तीनदा गणित करून दाखवलं. तीनदा साडेअकराच. मी तीनदा नाही म्हणलं. सकाळी उठून बघतो तर सर टाकीच्या पायथ्याशी खुरपं घेऊन उकरत बसलेले. येणारे-जाणारे बघून जायचे, कुणी म्हणालं, "सर, हंडा लागला का?" हातभर खाली गेल्यावर टाकीचा जुना कट्टा लागला. रस्त्यावर दर दोन-चार वर्षांनी खडी पडते, तसा रस्ता वर आला आणि कट्टा खाली गाडला गेला. सरांनी माझ्या नातीच्या वहीत लिहिलं, 'आबांचं बरोबर. पोरांचंही बरोबर. अर्धा मीटर रस्त्यानं खाल्ला.' मातीच्या हातानं लिहिलेलं. त्या पानावर बोटाचे डाग अजून आहेत.

आता जे सांगणार आहे त्यात माझं नाक खाली जातं. पण ते सांगितल्याशिवाय सर पुरे होत नाहीत.

माझी नात प्रतीक्षा, आम्ही तिला पत्तू म्हणतो, तेव्हा दहावीला होती. तिला पुढं बांधकामाचं शिकायचं होतं. म्हणजे माझंच काम, पण कागदावरचं. त्याला गणिताचे मार्क लागतात, आणि नववीत ती गणितात जेमतेम तरली होती. शाळेच्या हातात वीस मार्क असतात, ते वहीवर. वही पुरी पाहिजे, पुरी म्हणजे सगळ्या सह्यांसकट. वही जमा करायचा दिवस जवळ आला आणि आम्ही एका गणितावर अडकलो.

गणित असं, की एक्सचा वर्ग अधिक सहा एक्स बरोबर चाळीस. एक्स किती?

पत्तू सांगायची, "आबा, ऐका की. सहाची निम्मी तीन. तीनचा वर्ग नऊ. ते नऊ दोन्हीकडं मिळवायचे."

"नऊ आलं कुठनं?"

"मिळवायचे असतात."

"व्हय, पण आलं कुठनं?"

"आबा, पद्धत हाय ती. पूर्ण वर्ग पद्धत."

"कुणाच्या घरची पद्धत? कामावर नऊ विटा जास्तीच्या दिसल्या तर म्या विचारंन का न्हाई, कुणी आणल्या म्हणून?"

तीन संध्याकाळ हेच. तिला उत्तर येत होतं, चार. पण नऊ कुठनं आले ते तिलाही सांगता येत नव्हतं आणि मला ते कळल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं वही मिटली. रडली नाही, ती रडणारातली नाही. एवढंच म्हणाली, "उद्या वही जमा करायची हाय, आबा. तुमच्यापायी माझी एकटीचीच राहील."

मी वही ओढली. लिहिलं, 'समजलं'. खाली सही ठोकली.

तिनं माझ्याकडं बघितलं, वही बघितली आणि दप्तरात टाकली. थँक्यूबिंक्यू काही नाही. त्या पोरीच्या नजरेला नजर देता आली नाही म्हणून मी उगाच गोठ्याकडं गेलो.

दुसऱ्या दिवशी चार-साडेचारला सर शाळेतनं आले ते खोलीत न जाता ओट्यावर बसले. त्यांच्या हातात पत्तूची वही. पानं उलटत म्हणाले, "आबा, ह्या वहीत प्रत्येक गणितावर तुमचं भांडण आहे. इथं आहे. इथं आहे. टाकीचं तर दोन पानं आहे." मग त्या पानावर बोट ठेवलं. "इथं नाही."

तिथंच कबूल करायला पाहिजे होतं. पण माझा स्वभाव. मी म्हणलं, "समजलं म्हणून भांडलो न्हाई."

सर म्हणाले, "तुमची सही आहे म्हणजे समजलंच असेल. मला एक मदत करा. हे गणित मी चार तऱ्हेनं शिकवलं, तरी अर्धा वर्ग नुसता पाठ करून बसलाय. उद्या मधल्या सुट्टीनंतर वर्गावर या आणि पोरांना तुम्ही सांगा. तोवर ही वही माझ्याकडं राहू दे."

एवढं बोलून आत गेले. त्यांना कळलं होतं म्हणून त्यांनी मला पेचात धरलं, की माझ्या सहीवर खरंच विश्वास ठेवला, हे मला आजतागायत उमगलं नाही. मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

म्हातारी म्हणाली, "ताप आलाय म्हणून पडून राहा." मी म्हणलं, "खोटी सही एक झाली. आता खोटा ताप नको."

सकाळी उन्हं आली तशी मी परसात गेलो. कुणाच्या तरी मोरीच्या कामातल्या पांढऱ्या चार इंची फरश्या पोत्यात पडून होत्या. त्या अंगणात ओतल्या आणि पत्तूला हाक मारली.

"एक्सचा वर्ग म्हंजे काय ते सांग. पद्धत नको सांगू. काय असतंय ते सांग."

"एक्स लांब आन् एक्स रुंद. चौरस."

"म्हंजे चौरस खोली. आन् सहा एक्स?"

ती थांबली. "सहा रुंद आन् एक्स लांब."

"म्हंजे खोलीला लागून सहाची ओसरी. असं बोल की. मिळून फरश्या चाळीस, आन् खोलीची बाजू काढायची. चार येतंय म्हणालीस ना? मांड मग."

तिनं चार बाय चारची खोली मांडली, सोळा फरश्या. तिला लागून सहाची ओसरी, चोवीस फरश्या. मी उभा राहून बघितलं. चार रुंद आणि दहा लांब. म्हणलं, "ही खोली न्हाई, बोळ झाला. आन् वर्ग पुरा करायचा म्हणतीस. निम्मी ओसरी काढ तिथनं. तीनच ठेव. राहिलेली तीनची पट्टी खोलीच्या शेजारच्या बाजूला लाव."

तिनं लावली. खोलीच्या एका बाजूला तीनची ओसरी, दुसऱ्या बाजूला तीनची ओसरी. आणि दोन्ही ओसऱ्या जिथं भेटायला पाहिजेत तिथं कोपरा मोकळा.

तो कोपरा मी जन्मभर बघितलाय. दोन अंगांनी फरशी बसवत आलं की तो शेवटी राहतोच. मी उकिडवा बसलो आणि फरश्या एकेक करून त्या कोपऱ्यात ठेवायला लागलो. वंदू, येरडू, मूरू, नाक्कू, ऐदू, आरू, येळू, येंटू, वंबत्तू. वंबत्तू म्हणजे नऊ. कोपरा भरला.

पत्तू म्हणाली, "आबा, नऊ."

मी म्हणलं, "कुठनं आलं न्हवतं ते. कमी होतं, म्हणून आणावं लागलं."

मधल्या सुट्टीनंतर मी वर्गात गेलो. फरश्यांचं पोतं पत्तू आणि तिच्या मैत्रिणीनं सरांच्या सायकलवर घालून आणलं. पाचवीतनं उठलो तो साठ वर्षांनी वर्गात पाय ठेवला. पोरं हसत होती, त्यातली निम्मी माझ्या ओट्यावरची. सर म्हणाले, "आज शिकवणार आबा," आणि जाऊन शेवटच्या बाकावर पोरांत बसले. गुडघे बाकात मावेनात.

मी म्हणलं, "सर, आधी ती वही द्या."

त्यांनी दिली. मी पान काढलं, कानावरची पेन्सिल घेतली. पोरांना सांगितलं, "ही सही म्या परवा केली. तवा मला समजलं न्हवतं. नात अडली म्हणून केली. ही खोटी हाय." आणि सहीवर आडवी रेघ ओढली.

पत्तू बाकावरनं अर्धी उठली. तिला ठाऊक होतं की आता त्या पानावर सही नाही, म्हणजे वही पुरी नाही, म्हणजे वीस मार्कांचं काय होईल ते सरांच्या हातात. मलाही ठाऊक होतं. पण वाकडी वीट दिसल्यावर तिच्यावर दुसरी ठेवायची नाही, एवढंच मला शिकवलेलं.

मग मी बसलो जमिनीवर आणि मांडलं. खोली, ओसरी, ओसरीच्या दोन वाटण्या, मोकळा कोपरा. कानडीत मोजलं तेव्हा पोरं खिदळली. मोजू दिलं. नऊ ठेवल्या आणि म्हणलं, "आता ह्या एकूणपन्नास. चौरस हाय. बाजू सात. त्यातनं ओसरीची तीन काढा. खोली चार."

मागच्या बाकावरनं सर उठून आले. मांडणीवर बोट फिरवत खोलीपाशी थांबले. "इथवर बरोबर आहे," ते म्हणाले. "पण आबा, तुम्ही खोली चारची मांडली, कारण चार येतं हे पत्तूनं आधी सांगितलं. ते ठाऊक नसतं तर?"

मी फरश्यांकडं बघत बसलो. पत्तू काही सुचवायला पुढं झाली, तर सरांनी हातानं थांबवलं. किती वेळ गेला ते मला माहीत नाही, सरांना मिनिटात माहीत असेल. मी त्या कोपऱ्याकडं बघत होतो. मग मी खोलीच्या सोळा फरश्या गोळा करून पोत्यात टाकल्या. मधली जागा मोकळी केली. ओसरीच्या पट्ट्याही उचलल्या. राहिला नुसता कोपरा, नऊ फरश्यांचा.

म्हणलं, "खोली चारची असू द्या, न्हाईतर चाळीसची. ओसरी सहाची हाय, निम्मी केली की तीनची. दोन तीनच्या पट्ट्या भेटतेल तिथं कोपरा तीन बाय तीनच पडणार. कोपरा खोलीला विचारत न्हाई, तू केवढी हाईस म्हणून. म्हणून नऊ आधी कळत्यात आन् खोली मागनं."

सर जमिनीवर बसले, माझ्यासमोर, मांडी घालून. नऊ फरश्यांकडं बघितलं. मग स्वतःशीच मान हलवली, जशी त्या दिवशी सुतळी ओढून बघताना हलवली होती.

मी वही पुढं केली. "आता सही करतो."

"नाही," सर म्हणाले. "सही समजून घेणाऱ्यानं करायची असते. आज समजावलंत तुम्ही." त्यांनी माझ्याच कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि माझ्या खोडलेल्या सहीखाली लिहिलं, 'समजलं'. खाली स्वतःची पूर्ण सही केली, तारखेसकट. मग पत्तूला म्हणाले, "वही पुरी आहे. जमा करून घेतली."

तो माणूस तीस वर्षं गणित शिकवत होता. माझ्या खोलीची भिंत जेवढी सरळ, तेवढीच ती सही सरळ आहे. वही मी परत मागून घेतली आणि घरच्या कपाटात ठेवली. आल्या-गेल्याला दाखवतो. खोडलेलीही दाखवतो.

पोरं बाहेर पडताना मी सरांना म्हणलं, "एक राहिलं. पत्तू म्हणत होती, ह्या गणिताला दुसरंबी उत्तर येतंय. उणे धा. उणे धा फुटाची खोली म्या बांधणार न्हाई."

सर म्हणाले, "त्याच्यावर सवडीनं भांडू."

ती सवड मिळाली नाही. त्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले आणि परंड्याला गेले. जायच्या दिवशी ट्रंक उघडून राहिलेली उत्तरांची पानं पोरांना वाटली, कान तुटलेला कप म्हातारीला धुऊन परत दिला, आणि खोली टेपनं पुन्हा तिरकी मोजली. टेप गुंडाळत म्हणाले, "अजून काटकोनात आहे."

पत्तू आता लातूरला बांधकामाचा डिप्लोमा करते. दिवाळीला आली तेव्हा वही काढून बसली आणि उणे दहा समजावायला लागली. रेघ काढली, मध्ये शून्य, डावीकडं उणे, उजवीकडं अधिक. विहिरीचं उदाहरण दिलं, जमिनीच्या खाली मोजतो तसं. विहीर मला पटली. पण खोली अजून पटलेली नाही. तिनं समासात सहीची जागा आखून ठेवली आहे. दर सुट्टीला येते, नव्या तऱ्हेनं सांगते आणि पेन पुढं करते.

मी अजून केलेली नाही.